मानवतचं स्वीडिश सरबत

शेजारी राहतो म्हणून शेजाऱ्याची भाषा आलीच पाहिजे, असा कायदा कुठं झालाय का, तुम्हीच सांगा... माझ्या भिंतीला भिंत लावून एक तेलगू कुटुंब राहतं आणि तुम्हाला सांगतो, इतक्या वर्षांत मला त्यांचा एकच शब्द येतो, 'नीळ्ळू', आणि तो तरी का येतो, तर नळाला पाणी आलं की त्या घरातली बाई तोच ओरडत घागर घेऊन पळते म्हणून. संपली माझी तेलगू. पण हे मानवतच्या दत्तरावांना कुणी समजावायचं? त्यांनी आमच्या भुजंगराव खंदाऱ्यांना धरलं आणि म्हणाले, तुमाला जर्मन येतं ना सर, मग स्वीडिश येणारच, शेजारीच हाय की.

भुजंगराव म्हणजे परभणीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे, आमचेच सहकारी. मी मराठी शिकवतो, स्टाफरूममध्ये त्यांच्याच टेबलावर बसतो, म्हणजे बसतो मी, ते कुठले बसायला? त्यांना बसवतच नाही. खुर्चीत टेकले न टेकले की उठले, खिडकीपर्यंत गेले, बाहेर काही नाही हे बघून परत आले, चहा अर्धा प्याले, पुन्हा उठले. डोक्यात काही अडकलं की पायांना चैन पडत नाही माणसाच्या. मानवतपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर त्यांचं आजोळ. सारं घर छप्पन सालानंतर बौद्ध झालेलं, वडील मानवतातच सालगडी होते, आणि हा पोरगा औरंगाबादला जाऊन एम.एस्सी. होऊन आला. त्या काळात रसायनशास्त्राचे जाडजूड ग्रंथ जर्मनमध्ये असायचे, म्हणून पोरांना जर्मनची एक छोटी परीक्षा द्यावी लागायची. ती भुजंगराव पास झाले. झाली चूक. सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलं, ही दुसरी चूक. आणि दत्तराव एकदा घरी आले तेव्हा ते पुसून ठेवलेलं होतं, ही तिसरी.

आता दत्तराव कोण? मानवतच्या सहकारी तेल कारखान्याचे चेअरमन. मानवतला कापूस उदंड, कापूस तिथं सरकी, सरकी तिथं तेल, पण सरकीचं तेल निघतं काळपट, ते साफ करायला यंत्र लागतं. तर यांनी मुंबई बंदरातल्या लिलावात एक यंत्र उचललं. स्वीडनहून भलत्याच कुणासाठी निघालेलं, मालक बुडाला म्हणून धक्क्यावर पडून राहिलेलं. यंत्र झकास. ट्रकमधून उतरवलं तेव्हा म्हणे अर्धा गाव बघायला. पेटाऱ्यात यंत्राबरोबर एक जाडं पुस्तक निघालं आणि एक सीलबंद पत्र्याचा डबा. पुस्तक स्वीडिशमध्ये. मुंबईचा इंजिनिअर आला, त्यानं पुस्तक उलटं धरून पाहिलं, सुलटं धरून पाहिलं, आणि म्हणाला की यात कोणतं रसायन कधी, किती, कशात घालायचं ते दिलंय, इंग्रजीत करून आणा, त्याशिवाय मी बटणाला हात लावणार नाही. आणि गेला परत. इकडं उद्घाटनाचा दिवस ठरलेला, मांडव ठरलेला, जिल्ह्याचे पाहुणे ठरलेले.

म्हणून दत्तराव जीपगाडी घेऊन भुजंगरावांच्या दारात. भुजंगरावांनी परोपरीनं सांगितलं की साहेब, जर्मन वेगळी, स्वीडिश वेगळी, आणि जर्मनसुद्धा मला पुस्तकापुरती येते, बोलता येत नाही. दत्तराव म्हणाले, तुमाला कोण बोलायला सांगायलंय, लिहा फक्त. सर, नकाशा बघितलाय मी पोराच्या पुस्तकात, मधी जरासं पाणी हाय, बाकी शेजारीच हाय की.

नाही म्हणता आलं नाही. का नाही आलं, ते मी तुम्हाला सांगतो. ज्या गावात यांचे वडील दुकानाच्या पायरीखाली उभं राहून सामान मागायचे, त्या गावचा चेअरमन यांच्या ओट्यावर बसून 'सर, सर' करत होता. आतून सुलाबाई, म्हणजे भुजंगरावांच्या मंडळी, शाळेत शिक्षिका, डोळ्यांनी नको नको करत होत्या. पण माणसाला कधीतरी आपलं शिक्षण कुणाच्या उपयोगी पडावं असं वाटतं की नाही? घेतलं पुस्तक.

आणि मग सुरू झालं. इंजिनिअरनं मुंबईच्या फुटपाथवरून एक चिमुकला स्वीडिश-इंग्रजी शब्दकोश धाडला होता, तो निघाला प्रवाशांचा. हॉटेल कुठं आहे, खोलीला गरम पाणी आहे का, माझी पेटी हरवली आहे... हे सगळं होतं. गंधकाम्ल नव्हतं. नसणारच, फिरायला गेलेला माणूस गंधकाम्ल कशाला मागेल? आणि अक्षरं तरी कशी, अ-च्या डोक्यावर टिकली, ओ-च्या डोक्यावर दोन टिंबं. भुजंगराव एकेका शब्दाला असे भिडायचे की तुम्हाला सांगतो, स्टाफरूममध्ये आम्हालाही स्वीडिशचा ताप चढला. एक शब्द आला 'लूत'. मी म्हणालो लूट असेल, सहकारी कारखान्याचं पुस्तक आहे. ते हसले नाहीत. उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, कॉस्टिकचं पाणी. जर्मनमध्ये 'लाउगं', हे त्याचंच भावंड. दुसऱ्या दिवशी 'वेते'. हा वायू आम्ल धातूवर पडलं की सुटतो, जवळ आग आणू नये, असं काहीसं वाक्य. शब्दकोशात जवळात जवळचा शब्द सापडला तो 'ओला'. म्हणून यांनी इंग्रजीत लिहिलं 'ओला वायू'. लिहिलं खरं, पण घास गिळवेना. जेवता जेवता उठले, हात खरकटा, अंगणात गेले, आणि तिथून ओरडले की सुला, जर्मनमध्येही त्याच्या नावात पाणीच आहे, हायड्रोजन आहे तो! सुलाबाई म्हणाल्या, असू द्या, आधी भात संपवा.

मग आलं 'क्वेवे'. शब्दकोशात त्याच्या वरचा शब्द निघाला, त्याचा अर्थ 'गुदमरवणे'. गुदमरवणारं म्हणजे काय, धूर? कार्बन? तीन दिवस हा माणूस गुदमरलेला. वर्गात फळ्याकडं तोंड करून मधेच थांबायचा. शेवटी जर्मनच कामी आली, जर्मन लोकही नायट्रोजनला गुदमरवणारंच म्हणतात. हे कळलं तेव्हा गडी इतका खूश की आम्हाला सगळ्यांना भजी. तर सांगायचं काय, अडलं की जर्मनचं दार ठोठावायचं आणि आत स्वीडिशचा भाऊबंद भेटायचा. म्हणजे दत्तरावांचं अगदीच चुकीचं नव्हतं म्हणा. पण हे दत्तरावांना सांगायचं नाही.

मधेच एकदा दत्तराव बाजाराला परभणीत आले आणि पुस्तक कुठवर आलं बघायला घरी डोकावले. निघता निघता चपला घालत म्हणाले, सर, एक विचारायचं राहिलं, सिरा म्हंजे काय? यांना वाटलं, पुस्तकातला शब्द विचारतायत, माणसाला गोडी लागली. झाले सुरू. तुम्हाला सांगतो, मास्तराला एक शब्द विचारू नये, तो तास घेतो. म्हणाले, 'सीरा' म्हणजे आम्ल, आंबट पदार्थ. गंधकाचं आम्ल असतं, मिठाचं असतं, आपण लिंबाचं सत वापरतो ते पण एक सीराच. दत्तराव म्हणाले, असं असं, लिंबाचं सत. आणि गेले. एवढंच. यात भुजंगरावांचं काही चुकलं का सांगा.

झालं काय होतं, तर तो पेटाऱ्यातला पत्र्याचा डबा. त्याच्यावरचा कागद समुद्राच्या हवेनं अर्धा गळून पडलेला. उरलेल्या तुकड्यावर दोनच शब्द, वर अर्धवट तुटलेला '...सीरा', आणि खाली ठसठशीत 'गिफ्ट'. डबा फोडला तर आत पांढरेशुभ्र खडे, खडीसाखरेला लाजवतील असे. आणि 'गिफ्ट' कुणाला कळत नाही? मानवतच्या पानवाल्यालाही कळतं. दत्तरावांनी मनाशी जुळवलं की स्वीडनवाल्यांनी यंत्राबरोबर लिंबाचं सत भेट पाठवलंय, मेहरबान लोक हायत. साखरेची त्या वर्षी मारामार, पण चेअरमनला साखर कुठूनही मिळते. ठरलं, उद्घाटनाला सगळ्या गावाला विलायती सताचं सरबत.

हे भुजंगरावांना केव्हा कळलं? उद्घाटनाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी. कारखान्याचे मॅनेजर राधाकिशनजी आमंत्रण द्यायला आले, भाषांतराचं बाड घेऊन गेले, आणि जाता जाता कौतुकानं सांगून गेले की सर, तुमीच अर्थ सांगितला म्हणून बरं झालं, न्हाईतर त्या खड्यांच्या डब्यावर लिहिलेलं गिफ्ट तसंच पडून राहिलं असतं, आता सरबत होतंय त्याचं. राधाकिशनजी गेले आणि भुजंगराव ओट्यावर बसले. बसले कुठले... उठले. फाटकापर्यंत गेले, परत आले.

सुलाबाईंनी विचारलं, आता काय अडलं? तर म्हणाले, अख्खं पुस्तक स्वीडिशमध्ये, यंत्राच्या चाकाचाकावर स्वीडिश, मग डब्यावरच तेवढं इंग्रजी का? सुलाबाई म्हणाल्या, नसेल इंग्रजी. मग शब्दकोश आला. त्यात 'गिफ्ट' होता बरं का! आणि त्याचा अर्थ होता 'विवाहित'. हॉटेलात खोली घेताना विचारतात ना, लग्न झालंय का, त्यासाठी. विवाहित आम्ल? भुजंगराव शब्दकोश मिटून उभे राहिले. सुलाबाई म्हणाल्या, लग्न झालं म्हणजे अल्कलीत मिसळून त्याचं मीठ झालं असेल, आमचंही तेच झालंय, झोपा आता. पण हा माणूस कूस बदलत राहिला. जर्मनचं दार समोर होतं आणि त्यांना ते ठोठावायचं सुचलं नाही, कारण हा शब्द त्यांनी पुस्तकात वाचलाच नव्हता, तो आला होता राधाकिशनजींच्या तोंडून, मारवाडी वळणानं.

सकाळी कॉलेजात प्रात्यक्षिक होतं. अनुमापनाचं. काचेच्या नळीनं पोरं तोंडानं आम्ल ओढतात आणि बाटलीत घेतात, तेच ते, ऑक्झॅलिक आम्ल, पांढरे खडे पाण्यात विरघळवलेले. दरवर्षी भुजंगराव पहिलं वाक्य एकच सांगतात. तेच सांगायला लागले, 'पोरांनो, जपून ओढा, तोंडात जाऊ देऊ नका, हे विष...' आणि थांबले. विष. जर्मनच्या परीक्षेत बाटलीवरच्या सूचनांचा एक धडा होता, त्यात कवटीचं चित्र, आणि कवटीखाली एकच शब्द. गिफ्ट. जर्मन लोक विषाला गिफ्ट म्हणतात. आणि लूत जर्मनचं भावंड, वेते भावंड, क्वेवे भावंड, तर मग हा कोण लागतो?

पोरं नळ्या तोंडात धरून बघत राहिली आणि सर अॅप्रनसकट पळत सुटले.

आधी ऑफिसात फोन. मानवतचा ट्रंक कॉल लागणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. लागला, पण लागला तो असा की विहिरीच्या तळाशी राधाकिशनजी बसलेत. यांनी सांगितलं, ते विष आहे. तिकडून आलं, वीस? वीस न्हाईत सर, एकच डबा हाय. यांनी पुन्हा सांगितलं, विष, विष. तिकडून आलं, वीस मानसं आणायलाव का संगं, आणा की, जेवायला पण थांबा. हे म्हणाले, सरबत कुणी पिऊ नका, घातक आहे. तिकडून आलं, बरं बरं, गोड करतो अजून. आणि फोन मेला.

मग एसटी. अॅप्रन घातलेला माणूस बसमध्ये उभा, सीट रिकामी असून उभा, कंडक्टर म्हणाला, डॉक्टरसाहेब बसा, आणि हे म्हणाले, मी उभा राहिलो तर गाडी लवकर पोचेल. खरंच असं म्हणाले, मला त्यांनीच नंतर सांगितलं. एक म्हातारी कोंबडी घेऊन चढली, एक गडी बस थांबवून उतरला आणि त्याची छत्री राहिली म्हणून पुन्हा थांबली, आणि यांच्या डोळ्यांसमोर मांडव, मांडवात पोरंबाळं, गडीमाणसं, सोसायटीचे हमाल, कुणाच्या कडेवर तान्हं... आणि प्रत्येकाच्या हातात गिलास. आणि सगळ्यात वाईट काय टोचत होतं, सांगू? लिंबाचं सत हे उदाहरण आपणच दिलं. गंधकाम्लावर थांबलो असतो तर काय बिघडलं असतं?

पोचले तेव्हा जिल्ह्याचे पाहुणे भाषण करायला उभे होते. तुम्हाला सांगतो, आयुष्यात मी भाषणांना फार शिव्या दिल्यात, पण त्या दिवशी त्या माणसाला बोलायची हौस होती म्हणून मानवत वाचलं. भाषण संपल्यावर सरबत वाटायचं होतं. मांडवाच्या कडेला तीन मोठी पितळी घंगाळं भरून ठेवलेली, वर बर्फाच्या लाद्या, शेजारी गिलासांच्या रांगा.

भुजंगराव थेट स्टेजच्या पायरीशी. दत्तरावांना बाजूला घेतलं, कानाशी लागून सगळं सांगितलं. दत्तरावांनी हसत हसत ऐकलं, पाहुण्यांसमोर चेहरा तसाच ठेवावा लागतो ना, आणि हळूच म्हणाले, 'सर, गिफ्ट म्हंजे विष, हे कुठल्या भाषेत?'

'जर्मन.'

'आन डबा कुठला?'

'स्वीडनचा.'

'मग? शेजारचं कशाला काढायलाव मधी? तुमीच म्हनला होता ना, जर्मन वेगळी आन स्वीडिश वेगळी.'

माणूस आपल्याच शब्दात असा सापडतो. भुजंगराव म्हणाले, साहेब, खात्री करू, दोन दिवस थांबू. दत्तराव म्हणाले, दोन दिवस? सारा गाव बसलाय, पावणे बसलेत, विलायती सरबत म्हणून मी स्टेजवरून सांगून बसलो. आता विष हाय म्हनू? माजी इज्जत काय राहिली? तुमी बसा, पुढची खुर्ची तुमचीच हाय, सत्कार हाय तुमचा.

आणि नेमक्या त्याच वेळी टाळ्या पडल्या. भाषण संपलं.

भुजंगराव खुर्चीपर्यंत गेले. बसले नाहीत. घंगाळाशी पोरं गिलास भरायला वाकली होती. ओरडून सांगितलं असतं तर? सांगून पाहिलं की त्यांनी, 'पिऊ नका' म्हणाले, पण लाउडस्पीकरवर गाणं लागलेलं, आणि पुढच्या रांगेतले दोघेतिघे हसले, मास्तरला काय झालं म्हणून. अशा वेळी माणसाला काय आठवावं? त्यांना आठवली आजोळची विहीर. लहान असताना घरचे बाजूला उभे राहायचे, कुणीतरी वरून ओतायचं, आणि एकदा यांचा हात चुकून बादलीला लागला, तर ती भरलेली बादली ओतणाऱ्या बाईनं त्यांच्यादेखत मातीत उपडी केली. आपला हात काय करू शकतो, हे त्यांना त्या दिवसापासून ठाऊक होतं. नाव बदललं, धर्म बदलला, नोकरी लागली, घरात बुद्धाची तसबीर आली, पण मानवतच्या पुढच्या रांगेतली म्हातारी मंडळी तीच होती, आणि खंदाऱ्याचा पोरगा कोण, हे त्यांना पुरतं माहीत होतं.

भुजंगरावांनी अॅप्रनची बाही वर सारली, घंगाळाजवळ गेले आणि कोपरापर्यंत हात आत घातला. सगळ्यांना दिसेल असा. बर्फ ढवळला. हात काढला, दुसऱ्या घंगाळात घातला. मग तिसऱ्यात.

गाणं कुणी बंद केलं कुणास ठाऊक. गिलास घेऊन उभी असलेली पोरं तशीच थिजली. पुढच्या रांगेतल्या भगवानरावांनी, गावातले सगळ्यात म्हातारे, त्यांनी आपला रिकामा गिलास खाली ठेवला. मग त्यांच्या शेजारच्यानं. मग त्याच्या शेजारच्यानं. नुसते गिलास जमिनीवर टेकल्याचे आवाज. विष म्हणून एक माणूस थांबला नव्हता, तुम्हाला सांगतो, एकही नाही. आणि हात लागला म्हणताच रांगच्या रांग थांबली. हातावरून सरबत निथळतंय आणि भुजंगराव उभे आहेत, त्यांना काय वाटलं असेल त्याची कल्पना करा. मी विचारलं होतं. म्हणाले, थंड वाटलं, बर्फ होता ना.

आणि संपलं म्हणता का? इथंच तर घोटाळा. मागच्या रांगेतून उठले मुंजाजी गुरुजी. शाळेतले, खादीवाले, समतेवर फार चांगलं बोलतात, आणि नुसतं बोलत नाहीत, त्यापायी त्यांच्या भावानं त्यांना घराबाहेर काढलेलं. ते तडक पुढं आले आणि म्हणाले, 'लाज वाटायला पायजे गावाला. मी हे मानत न्हाई. सर, तुमचा हात लागलेलं मी पिनार, साऱ्यांसमोर पिनार.' आणि गिलास बुडवला, भरला, तोंडाकडं नेला.

आता बघा. या गावात असा माणूस भुजंगरावांनी जन्मात पहिल्यांदा पाहिला, आणि त्याच माणसाच्या हातावर त्यांना असा फटका मारावा लागला की गिलास पाहुण्यांच्या पायाशी जाऊन पडला. गुरुजींचं तोंड इतकंसं झालं. त्यांना वाटलं, आपला अपमान केला. भुजंगराव त्यांचे दोन्ही हात धरून सांगतायत की गुरुजी, तुमचं बरोबर आहे, पण आज नको, आज तेवढी शिवाशिव पाळा...

तेवढ्यात मांडवामागून कुणी बाई किंचाळली, चुलीकडं बोट दाखवून. आचारी सटवाजी. साखर पुरेशी झाली का म्हणून तो सकाळपासून पळी पळी चाखत होता. तोंड भाजल्यासारखं झालेलं, पोट धरून चुलीशी वाकडा पडलेला. भुजंगराव धावले. दूध मागितलं आणि चुना मागितला, चुना या आम्लाला बांधून टाकतो. मानवतमध्ये चुन्याला काय तोटा, प्रत्येकाच्या चंचीत डबी. डब्याच डब्या पुढं आल्या. यांनी दुधात कालवून आपल्या हातानं सटवाजीच्या तोंडाला लावलं, आणि सटवाजीनं हात कुणाचा ते विचारलं नाही, घटाघटा प्याला. पाहुण्यांच्या मोटारीतून त्याला परभणीला दवाखान्यात नेलं. वाचला. महिनाभर नुसत्या पेजेवर होता, पण वाचला.

दोन दिवसांनी मुंबईचा इंजिनिअर आला, डबा बघितला आणि आधी सगळ्यांना मागं सारलं. म्हणाला, ऑक्झॅलिक आम्ल आहे, यंत्राच्या पात्यांवर समुद्रात गंज चढतो, तो काढायचं हे औषध, माणसाला मूठभर पुष्कळ. भुजंगरावांचं भाषांतर त्यानं वाचलं, चार ठिकाणी दुरुस्ती केली, आणि बटण दाबलं. यंत्र चाललं. तेल निघालं सोन्यासारखं.

पुढच्या रविवारी दत्तराव आले, बरोबर भगवानराव. दत्तराव ओट्यावर बसले, सुलाबाईंनी चहा ठेवला तो त्यांनी उचलला, प्याले, बशीसुद्धा प्याले. मान वर करत नव्हते. म्हणाले, सर, चुकलं माजं. एवढंच. या माणसाच्या तोंडून एवढं येणं म्हणजे पुष्कळ झालं. भगवानरावांनी चहा घेतला नाही, म्हणाले, सोडलाय. काठी टेकून, गहिवरून, अगदी मनापासून बोलले. 'पोरा, लय मोठं काम झालं. साऱ्या गावात मी हेच सांगायलोय. वाडवडलांनी शिवाशिव पाळायला सांगितली, ती उगं न्हाई सांगितली. पाळत होतो, म्हनून तर वाचलो.'

भुजंगराव ऐकत बसले. हो, बसले. फाटकापर्यंत पोचवायलाही उठले नाहीत. जीप गेल्यावर सुलाबाई कपबशा गोळा करायला बाहेर आल्या. स्वयंपाकघरात त्यांना नीट ऐकू आलं नव्हतं. विचारलं, 'काय म्हणाले हो म्हातारबुवा?'

भुजंगरावांनी न प्यायलेला कप उचलून त्यांच्या हातात दिला. मग म्हणाले, 'आभार मानले. त्यांच्या भाषेत.'